मराठीचे इंग्रज उपासक फादर थॉमस स्टीफन्स

ज्या भाषेंत आपल्या आईनें आपणांस पहिल्यानें क्रुसाची खूण करावयास शिकविलें ती भाषा आपणांस कष्टानें शिकावी लागली नाहीं. ती दुधाबरोबर मिळाली. दुसऱ्याच्या आईची भाषा शिकणें ही गोष्ट निराळी आहे. तिला परिश्रम लागतात, नम्रता लागते आणि ज्यांची ती भाषा त्या माणसांविषयीं मनांत प्रेम असावें लागतें. आपल्या धर्मग्रामाच्या या ज्युबिलीच्या प्रसंगीं अशा एका धर्मगुरूचें चरित्र वाचकांपुढें ठेवावें असें आमच्या मनांत आलें, कीं ज्यांनीं वयाच्या तिसाव्या वर्षाच्या सुमारास आपल्या किनाऱ्यावरील बोली प्रथम ऐकिली आणि सदुसष्टाव्या वर्षाच्या सुमारास जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा मराठी ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. ते ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स होत. त्यांचें नांव आपल्यापैकीं बहुतेकांनीं ऐकिलें आहे. परंतु ते ही भाषा कसे शिकले व त्यांनीं ती इतरांस कशी शिकविली, इकडे आपलें लक्ष क्वचितच जातें.

फादर स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत, बुश्टन नांवाच्या खेड्यांत झाला. वडील व्यापारी होते. राणी एलिझाबेथ हिच्या कारकीर्दींत त्या देशांत कॅथलिक धर्म पाळणें म्हणजे दंड, तुरुंग आणि प्रसंगीं मरण पत्करणें होतें. थॉमस पाऊंड नांवाच्या मित्रासह रोमला जावें व येशूसंघांत प्रवेश करावा असा त्यांनीं बेत केला. परंतु पाऊंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें तुरुंगांत गेलीं. स्टीफन्स एकटेच पुढें गेले व ता. २० ऑक्टोबर १५७५ रोजीं रोम येथें येशूसंघाच्या नवदीक्षितांत दाखल झाले. मायदेश त्यांस पुनः दिसावयाचा नव्हता.

पूर्वेकडील प्रेषितकार्यासाठीं त्यांची निवड झाल्यावर ता. ४ एप्रिल १५७९ रोजीं ते लिस्बन बंदरांतून निघाले आणि सहा महिन्यांहून अधिक प्रवास करून ता. २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास उतरले. हिंदुस्थानांत येऊन राहिलेले ते पहिले ज्ञात इंग्रज होत. या प्रवासाचें वर्णन त्यांनीं पुढच्याच महिन्यांत वडिलांस पत्रानें कळविलें. तें पत्र पुढें इंग्लंडांत रिचर्ड हॅक्लुइट यांच्या प्रवासवृत्तांच्या संग्रहांत छापलें गेलें. १५८३ सालीं न्यूबेरी, फिच वगैरे इंग्रज व्यापारी गोव्याच्या कैदेंत पडले, तेव्हां त्यांची जामिनावर सुटका व्हावी म्हणून फादर स्टीफन्स यांनीं पुष्कळ खटपट केली. पोर्तुगीज लोक त्यांस पाद्री एस्तेव्हांव या नांवानें ओळखत.

त्यांच्या आयुष्याचीं उरलेलीं चाळीस वर्षें बहुतांशीं गोव्यांतील साष्टी प्रांतांत, मडगांव व राशोल या भागांत गेलीं. तो काळ कसा होता हें येथें स्पष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. १५६० सालीं गोव्यांत धर्मन्यायसभा स्थापन झालेली होती. १५६७ सालीं साष्टींतील देवळें सरकारी बळानें पाडण्यांत आलीं. लोकांच्या जुन्या पोथ्या जप्त करून नष्ट करण्यांत आल्या होत्या. जुलै १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें फादर रुडोल्फ अक्वाविव्हा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले, तेव्हां त्यांचे देह मिळवून त्यांस मूठमाती देण्याचें दुःखद काम फादर स्टीफन्स यांच्याकडे आलें. त्यानंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं कुंकळ्ळीच्या प्रमुखांस असोळणें येथें कपटानें ठार केलें. शस्त्र आणि श्रद्धा यांची अशी गल्लत झाली म्हणजे दोहोंकडील निरपराध माणसांस शासन भोगावें लागतें. अशा भयानें व संशयानें भरलेल्या प्रांतांत एका परक्या माणसानें लोकांजवळ जावें कसें? फादर स्टीफन्स यांनीं जो मार्ग धरिला तो भाषेचा होता.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती यांच्या नियमाप्रमाणें, ज्या देशांत राहावयाचें त्या देशाची भाषा संघीयांनीं शिकावी असें ठरलेलें होतें. परंतु नियम कागदावर असणें निराळें आणि जिभेवर असणें निराळें. पुष्कळ धर्मगुरु दुभाष्यावर भिस्त ठेवीत. दुभाषा शब्द पोंचवितो खरा. पण पापनिवेदन ऐकणें, मरणाऱ्यास धीर देणें, रुसलेल्या भावाभावांस एकत्र बसविणें, हीं कामें दुभाष्याच्या तोंडून व्हावयाचीं नाहींत. १६०६ सालच्या गोव्याच्या प्रांतिक धर्मसभेनें, लोकांची भाषा न येणाऱ्या धर्मगुरूंच्या हातीं धर्मग्राम सोंपवूं नये असा निर्बंध घातला. फादर स्टीफन्स यांस असल्या निर्बंधाची वाट पाहावी लागली नाहीं.

त्यांच्या विद्येची चुणूक १५८३ सालच्या ऑक्टोबरांत त्यांनीं आपल्या भावास लिहिलेल्या पत्रांत दिसते. या देशांत भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानास कटु नाहींत आणि त्यांची घडण लॅटिन व ग्रीक या भाषांशीं मिळतीजुळती आहे, असें त्यांनीं भावास कळविलें. येथील अक्षर एकेका ध्वनीचें नसून स्वर-व्यंजनाच्या जोडीचें असतें, हेंही त्यांनीं ओळखिलें. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या आप्तसंबंधाविषयीं सर विल्यम जोन्स यांनीं जें प्रसिद्ध व्याख्यान दिलें तें १७८६ सालचें. त्याच्या दोनशें वर्षें आधीं साष्टींतील एका धर्मगुरूस त्या नात्याची चाहूल लागली होती. चार वर्षांत एवढें ध्यानांत येण्यास केवळ पाठांतर पुरत नाहीं. भाषेचा सांगाडा कसा जोडला आहे हें तपासणारें मन लागतें आणि ती भाषा रोज ज्यांच्या तोंडून निघते अशांच्या संगतींत बसण्याची तयारीही लागते.

येथें दुसरी भाषा शिकण्याचें पहिलें तत्त्व आपल्या हातीं येतें. प्रौढ मनुष्य मुलासारखा भाषा शिकूं शकत नाहीं असें आपण म्हणतों, आणि त्यांत तथ्य आहे. त्याचा कान पहिल्या भाषेनें घडलेला असतो, जिभेस जुनें वळण लागलेलें असतें. परंतु मुलाजवळ नसलेली एक गोष्ट त्याच्याजवळ असते: एका भाषेचे नियम त्यास ठाऊक असतात, म्हणून दुसरीचे नियम तो शोधूं शकतो. फादर स्टीफन्स यांनीं लॅटिन व्याकरणाचा कंदील हातीं घेऊन गोव्याच्या बोलीचें घर पाहिलें. त्या शोधांतून त्यांनीं कोंकणी बोलीचें व्याकरण पोर्तुगीज भाषेंत लिहिलें. फादर दियोगु रिबैरु व इतर संघीयांनीं त्यांत भर घातल्यावर तें त्यांच्या मरणोत्तर १६४० सालीं राशोल येथें छापलें गेलें. हिंदुस्थानांतील कोणत्याही देशी भाषेचें हें पहिलें छापील व्याकरण होय. डॉ. विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण श्रीरामपूर येथें निघालें तें १८०५ सालीं, म्हणजे त्यानंतर एकशें पासष्ट वर्षांनीं.

या व्याकरणाचा हेतु पांडित्य मिरविण्याचा नव्हता. जो नवा धर्मगुरु जहाजांतून उतरेल त्याची पहिलीं वर्षें चांचपडण्यांत जाऊं नयेत, आपण ज्या वाटेनें ठेंचा खात गेलों ती वाट मागून येणारास थोडी सोपी व्हावी, हा त्याचा उपयोग. भाषा शिकलेल्या माणसावर हें एक ऋणच असतें. उच्चारांच्या बाबतींत त्या काळच्या संघीयांनीं वापरलेली एक युक्ति सांगण्यासारखी आहे. रोमन लिपींत त आणि ट, द आणि ड, न आणि ण यांस वेगळीं अक्षरें नाहींत. पात आणि पाट, मन आणि मण यांतला भेद परक्या कानास लवकर कळतही नाहीं. त्यांनीं टाळूकडे जीभ वळवून उच्चारावयाच्या वर्णासाठीं तेंच रोमन अक्षर दोनदां लिहिण्याची रीति ठेविली. गोव्याच्या रोमन लिपींतील कोंकणींत ती रीति आजही चालू आहे.

मुलांसाठीं त्यांनीं धर्मशिक्षणाचें एक पुस्तक रचिलें. पोर्तुगालांतील फादर मार्कुश जोर्ज यांच्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तकावरून तें केलें असून तें त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं छापलें गेलें. तें संवादरूपानें आहे, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. एकट्यानें घोकलेलें वाक्य एकट्याजवळच राहतें. विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देतांना मात्र शिकणारास समोरच्याचें ऐकावें लागतें, त्याचा अर्थ लावावा लागतो आणि मग आपलें तोंड उघडावें लागतें. धर्म शिकविण्याची आणि भाषा शिकविण्याची रीति येथें एकच होऊन जाते.

आतां त्यांच्या मुख्य ग्रंथाकडे वळूं. नवख्रिस्ती लोकांजवळ जुन्या पोथ्या राहिल्या नव्हत्या आणि नवीन कांहीं हातीं आलें नव्हतें. ज्या समाजास कथा-पुराणें ऐकण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची संवय, त्याचीं संध्याकाळें मुकीं झालीं होतीं. आम्हांस वाचावयास कांहीं तरी द्या, अशी मागणी श्रोत्यांकडून आल्याचा प्रसंग ग्रंथाच्या आरंभींच घातला आहे. त्या मागणीचें उत्तर म्हणून ख्रिस्तपुराण जन्मास आलें व १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यांत छत्तीस अध्याय असून जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आहे. दुसऱ्यांत एकोणसाठ अध्याय असून प्रभु येशूचें चरित्र आहे.

ही भाषा कोणती? साष्टींतील लोक घरीं कोंकणी बोलत; परंतु पुराण म्हणून जें त्यांच्या कानांवर येत असे तें मराठींत असे. म्हणून फादर स्टीफन्स यांनीं ग्रंथासाठीं मराठी घेतली आणि ती साध्या माणसास समजावी म्हणून लोकांच्या बोलींतील शब्द तिच्यांत मिसळिले. छंद घेतला तो ओवीचा. ज्या ओवींत १२९० सालीं ज्ञानेश्वरी रचिली गेली आणि जिचे कर्ते आपल्या आळंदीस इंद्रायणीच्या कांठीं १२९६ सालीं समाधिस्थ झाले, तीच ओवी एका इंग्रज धर्मगुरूनें प्रभूची कथा सांगण्यासाठीं उचलिली. ख्रिस्तपुराण छापलें गेलें तेव्हां पलीकडे देहूस तुकोबा आठ-नऊ वर्षांचे बालक होते, असें परंपरेच्या जन्मसालावरून दिसतें. स्वर्गास वैकुंठ, तारणास मुक्ति असे लोकांच्या ओळखीचे शब्द त्यांनीं योजिले आणि जेथें ख्रिस्तसभेचा विशेष अर्थ राखावयाचा तेथें पोर्तुगीज शब्द ठेविले. मराठी भाषेची त्यांनीं ग्रंथारंभीं केलेली स्तुति तर शाळेंतील मुलांच्याही परिचयाची आहे.

दुसरी भाषा शिकण्याचें दुसरें तत्त्व येथें दिसतें. परकी भाषा शिकलेला मनुष्य बहुधा आपलेच विचार आपल्याच ठशांत ठेवून वरून नवे शब्द चढवितो. त्याचें बोलणें समजतें, पण तें पाहुण्याचें राहतें. ज्यास त्या भाषेच्या घरांत राहावयाचें आहे त्यानें तिचीं गाणीं, तिचे छंद, तिच्या उपमा, तिची रुसण्याची व आळविण्याची रीतिही घ्यावी लागते. फादर स्टीफन्स यांनीं तें केलें, आणि म्हणून आज मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत त्यांचा उल्लेख परका म्हणून होत नाहीं, मराठी कवि म्हणून होतो.

देशी अक्षरांत ग्रंथ छापावे अशी त्यांची फार इच्छा होती. १६०८ सालीं त्यांनीं रोम येथील संघप्रमुखांस तसें लिहिलेंही होतें. अडचण अशी, कीं युरोपियन लिपीस चोवीस अक्षरांचे साचे पुरत. येथें काना-मात्रा-जोडाक्षरें धरून साच्यांची संख्या सहाशेंच्या घरांत जात होती. ती सोय झाली नाहीं आणि मराठीचा हा ग्रंथ रोमन अक्षरांत छापावा लागला. १६१९ सालीं, वयाच्या सत्तरीच्या सुमारास, फादर स्टीफन्स प्रभूच्या घरीं गेले.

त्यांच्यामागें ख्रिस्तपुराणाच्या १६४९ व १६५४ सालीं आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. परंतु वारा फिरला होता. ता. २७ जून १६८४ रोजीं गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयानें हुकूम काढिला, कीं लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें. एक मनुष्य चाळीस वर्षें खपून लोकांची भाषा शिकला. सरकारनें त्याच लोकांस तीन वर्षांत ती विसरण्यास सांगितलें! दुसरी भाषा शिकविण्याचे हे दोन मार्ग आहेत. पहिला माणसास कांहीं देतो, दुसरा त्याचें असलेलें काढून घेतो. हुकूम फसला. कोंकणी घराघरांत जिवंत राहिली आणि ख्रिस्तपुराणाच्या हस्तलिखित प्रती गोव्यांतून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनीं जपून ठेविल्या. त्यांवरूनच जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें ग्रंथ पुनः छापिला. देवनागरी अक्षरांतील प्रत लंडनच्या मार्सडेन संग्रहांत सांपडली, आणि १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्यांत देवनागरी आवृत्ति प्रसिद्ध केली. फादर स्टीफन्स यांची इच्छा तीनशें चाळीस वर्षांनीं पुरी झाली, आणि तीही आपल्या शेजारच्या शहरांत, एका हिंदु संपादकाच्या हातून.

आतां आपल्या परिसराकडे पाहूं. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. मागाहून चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि अखेर चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. कामाच्या पाठोपाठ माणसें आलीं. आपल्या मिस्सेस अहिल्यानगर जिल्ह्यांतून व वसईंतून आलेले मराठी भाविक आहेत, तसेच गोवेकर, मंगळूरकर, केरळीय, तमिळ आणि झारखंडाकडील बंधुभगिनीही आहेत. आपले तरुण संध्याकाळीं जर्मन व जपानी भाषेच्या वर्गांस जातात, कारण चाकणच्या कंपन्यांत तिचा उपयोग होतो. मुलें इंग्रजी शाळेंत जातात. या सर्वांत आम्हांस आक्षेपार्ह असें कांहीं दिसत नाहीं. फादर स्टीफन्स यांस स्वतः पांच-सहा भाषांशीं व्यवहार करावा लागला. परंतु एक गोष्ट आम्हांस बोंचते. पहिल्या ख्रिस्तप्रसादास बसणाऱ्या कित्येक मराठी मुलांस आजीच्या तोंडची प्रार्थना समजत नाहीं, आणि आजीस नातवाची प्रार्थना समजत नाहीं. एकाच घरांत, एकाच क्रुसाखालीं, दुभाष्याची गरज पडूं लागली आहे.

महाराष्ट्रांतील सर्व शाळांत मराठी शिकविणें २०२० सालच्या कायद्यानें आवश्यक केलें आहे. कायदा तास ठरवूं शकतो. जिव्हाळा घरांतून यावा लागतो. म्हणून पालकांस आमची विनंती आहे, कीं रात्रींची रोझरी निदान आठवड्यांतून कांहीं दिवस मराठींत म्हणावी आणि शुभवर्तमानांतील एक उतारा मुलाकडून मोठ्यानें वाचून घ्यावा. इंग्रजी त्यामुळें कच्ची होत नाहीं. पहिल्या भाषेंत ज्याचा पाय घट्ट रोवला आहे तोच दुसरीकडे निर्भयपणें पाऊल टाकतो, हें लॅटिनच्या आधारानें कोंकणी व मराठी शिकणाऱ्या या गुरूचें चरित्र सांगतें.

दुसरी विनंती मराठी भाषिकांस आहे, आणि ती आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. फादर स्टीफन्स यांस मराठी कोणी तरी शिकविली असली पाहिजे. साष्टींतील त्या शिक्षकांचीं, शेतकऱ्यांचीं, धर्मशिक्षण घेणाऱ्या मुलांचीं नांवें इतिहासांत राहिलीं नाहींत. या परक्या गुरूचे पहिले शब्द खचितच मोडकेतोडके असतील. ते ऐकून लोकांनीं नुसतें हंसून सोडून दिलें असतें, किंवा तत्काळ त्याच्याशीं पोर्तुगीज बोलूं लागले असते, तर ख्रिस्तपुराण कधींच लिहिलें गेलें नसतें. आज मिस्सेनंतर एखादा झारखंडाचा कामगार किंवा केरळची परिचारिका आपल्याशीं दोन मराठी वाक्यें बोलूं पाहते, तेव्हां आपण लगेच हिंदीकडे वळतों. तसें करूं नये. थांबावें, ऐकावें, चुकलेला शब्द गोडीनें पुनः बोलून दाखवावा. भाषा शिकविणारा पहिला गुरु शेजारी असतो, आणि ही शेजाऱ्यावरील प्रीतीचीच एक कृति आहे.

आणि जे दुरून येथें आले आहेत त्यांस आम्ही एवढेंच सांगतों: तिसाव्या वर्षीं, सहा महिन्यांचा समुद्र ओलांडून, कोणी ओळखीचें नसतां एक मनुष्य ही भाषा शिकला. तुमच्या शेजारीं तर तुमचेच भाऊबहिणी आहेत. २०२० सालीं वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हां त्या खुर्चीपर्यंत पोंचणारी वाट चारशें वर्षांपूर्वीं राशोलच्या छापखान्यांतून निघाली होती. ती वाट आपल्या धर्मग्रामांतून पुढें जावी, आपल्या मुलांच्या ओठीं प्रभूचें नांव मराठींतही राहावें, हीच या ज्युबिलीच्या वर्षीं आमची प्रभुचरणीं प्रार्थना आहे.